ओला ब्रश

"पाय सोडू नका, खाला. आवळू नका, पण सोडूही नका," डॉक्टर मरवत म्हणाली आणि तिने लुजैनचं डोकं आपल्या मांडीवर नीट घेतलं.

डॉक्टर आणि लुजैनची आई राविया समोरासमोर खुर्च्यांवर बसल्या होत्या, गुडघ्याला गुडघा भिडवून. दोघींच्या मांड्यांवर पाच वर्षांची लुजैन उताणी होती. जन्मताना तिच्या मेंदूला प्राणवायू कमी पडला होता. हातपाय ताठ, मान सैल, बोलणं नाही आणि दिवसाकाठी दोन-तीन फिट. तिचे हात रावियाने धरले होते. बाजूला फरशीवर गुडघे टेकून मुलांना भरवणारी अतियात बसली होती, सगळ्यांची खाला, म्हणजे मावशी. तिच्याकडे पाय.

मन्सूराहून दातांचे डॉक्टर दुमयात शहरातल्या या अपंग मुलांच्या केंद्रात येणार, हे दोन वर्षं नुसतं कानावर होतं. परवा फोन आला आणि आज डॉक्टर मरवत हजर झाली. सगळ्या मुलांच्या आयांना बोलावून घेतलं होतं. राविया सोफ्यांची कव्हरं शिवणाऱ्या कारखान्यातून अर्धी सुट्टी काढून आली होती. तिच्या बाहीवर अजून निळ्या दोऱ्याचे तुकडे चिकटलेले होते.

डॉक्टरने लाकडाच्या चपट्या पट्ट्या कापडात गुंडाळून केलेली जाड पाचर लुजैनच्या दाढांमध्ये अलगद सरकवली. लुजैन किंचाळली. डॉक्टरने बॅटरीचा उजेड आत टाकला. तिचा चेहरा बदलत गेला, नासलेल्या दुधाच्या पातेल्यावरचं झाकण काढल्यावर होतो तसा.

"दात कोण घासतं हिचे?"

बेसिनवरच्या फळीवर सात पेले ओळीने मांडलेले होते, प्रत्येकावर मुलाचं नाव, प्रत्येकात एक ब्रश. लुजैनचा गुलाबी. डॉक्टर येणार म्हणून सकाळीच ओला केलेला.

रावियाने एकदा अतियातकडे पाहिलं. त्या नजरेत प्रश्न नव्हता. काय होतं, ते कळायला अतियातला पुढे नऊ दिवस लागले.

"मीच घासते," राविया म्हणाली. "घरी, संध्याकाळी. कधी कधी राहून जातं."

"कधी कधी?" डॉक्टरने मान वर केली नाही. "बाई, मागचे आठ दात संपलेत. हिरड्या अर्ध्या दातावर चढल्यात. त्या फिटच्या औषधाने वाढतात, तेवढं मी धरून चालते. पण औषध गोड, जेवण मऊ, घास तासन्‌तास गालात बसून राहतो. तुम्ही-आम्ही जीभ फिरवून काढतो. ही पोर काढणार आहे का? आणि हा खालचा बघा, मुळाशी पू आहे. हे काही आठवड्याभराचं काम नाही. कित्येक महिने ठणकत असणार. रडत नव्हती ती?"

"रडायची."

"मग?"

"आम्हाला वाटलं, डोक्याचंच काहीतरी."

डॉक्टर तशी वाईट बाई नव्हती. सकाळपासून तिने सहा तोंडं पाहिली होती आणि दुपारच्या आत आणखी एका केंद्रावर पोचायचं होतं. तरी तिच्या तोंडून ते वाक्य गेलंच. "तुम्ही आई ना हिच्या? आईला कळू नये?"

रावियाची मान खाली गेली. कानापर्यंत लाल झाली ती. कारखान्यात मुकादमासमोर बायका उभ्या राहतात तशी, खुर्चीत बसूनसुद्धा, उभी राहिल्यासारखी दिसत होती.

अतियातला तेव्हा बोलता आलं असतं. वेळ होता. डॉक्टर पाचर काढत होती, हातमोजे बदलत होती, कागद मागत होती. तेवढ्यात एक वाक्य सहज मावलं असतं. अतियातने काय केलं, तर लुजैनच्या पायातला घसरलेला मोजा नीट वर ओढला.

*

अतियात या केंद्रात आली ती फरशी पुसायला. त्याला अकरा वर्षं झाली. पहिल्याच महिन्यात एका मुलाच्या घशात भात अडकला आणि शिकलेल्या दोन बाया ओरडत राहिल्या. अतियातने हातातला पोछा टाकला, मुलाला पालथा मांडीवर घेतला, पाठीवर थापट्या मारल्या, घास बाहेर. दुसऱ्या दिवसापासून भरवण्याचं काम तिच्याकडे आलं. ते काम तिच्यासारखं कुणाला जमलं नाही. चमचा जिभेच्या मध्यावर किती दाबायचा, हनुवटी केव्हा उचलायची, मसुराच्या सूपात पाव किती भिजवायचा, हे तिच्या हाताला कळायचं. नव्या मुलाची आई आली की व्यवस्थापिका मॅडम फिक्रिया सांगायची, "खाला अतियातच्या हातचं जेवेल तुमचं मूल. काळजी सोडा." अतियात तेव्हा मुद्दाम भिंतीकडे तोंड करून भांडी विसळत राहायची. सुख चेहऱ्यावर दिसू नये म्हणून.

मोठ्या सणांना आया तिला जिलबीसारख्या मशब्बकचे डबे आणायच्या, दुमयातच्या चांगल्या दुकानातले, पाकात निथळणारे. "तुमचे हात सुखी राहोत, खाला," म्हणायच्या. सगळ्यांत मोठा डबा रावियाचा असायचा.

रावियाचा नवरा कुवेतला होता. आधी आठवड्याला फोन यायचा, मग ईदला, मग राविया त्याचं नावच काढीनाशी झाली. सकाळी सातला ती लुजैनला सोडायची आणि संध्याकाळी पाचला धावत न्यायला यायची. दोन वर्षांपूर्वी एकदा ती रडकुंडीला येऊन म्हणाली होती, "ब्रश तोंडाजवळ नेला की जबडा असा मिटते, जसं काही कुलूप. मला भीती वाटते, काही तुटेल."

तेव्हा अतियातनेच सांगितलं होतं. "तू नको घालूस तोंडात हात. तुझ्याकडून व्हायचं नाही. इथे जेवणं झाली की मी सगळ्यांचे घासतेच ना, हिचेही घासीन. तू फक्त दर तीन महिन्यांनी नवा ब्रश आणत जा."

चार महिने तिने घासलेसुद्धा. मग थंडीत एका दुपारी, तिचं बोट आत असताना, लुजैनला फिट आली. जबडा मिटला तो मिटलाच. अतियातला ओरडताही येईना; ओरडलं असतं तर बाकीची मुलं घाबरली असती. दीड मिनिटाने बोट सुटलं तेव्हा नखाखालचं मांस दिसत होतं.

तिचा नवरा हसनैन पलंग-कपाटांना पॉलिश मारायचा. त्याने पट्टी बांधता बांधता म्हटलं, "चव लागलीय तिला तुझ्या हाताची. मला पंचवीस वर्षांत लागली नाही."

तीनेक आठवड्यांनी बोट बरं झालं, नख वाकडं उगवलं. पण नंतर ब्रश घेऊन लुजैनसमोर बसलं की अतियातचं बोट आपोआप मुठीत मिटायचं. पहिल्या दिवशी ती मनाशी म्हणाली, आज राहू दे, अजून दुखतंय. ब्रश कोरडा दिसू नये म्हणून तिने तो नळाखाली धरला आणि पेल्यात ठेवला. दुसऱ्या दिवशीही तेच. पंधरा दिवसांत ते असं अंगवळणी पडलं की ब्रश ओला करताना ती शेजारच्या बाईशी टोमॅटोच्या भावाबद्दल बोलायची. पुढे जबडा आवळणाऱ्या आणखी दोन मुलांचे ब्रशही नुसते नळाखाली जाऊ लागले. उरलेल्या चौघांचे मात्र ती मनापासून घासायची, त्यामुळे आपण काम चुकवतो असं तिला कधी वाटलं नाही.

राविया तीन महिन्यांनी नवा ब्रश आणायची. कधी गुलाबी, कधी मांजराचं चित्र असलेला.

मग या वसंतात लुजैन जेवताना रडू लागली. चमचा आत गेला की ताठ व्हायची, मूठ जबड्यावर आपटायची. बटाट्याचा लगदा थुंकायची. अतियातचा अभिमान दुखावला. तिच्या हातचं न खाणारं मूल अजून झालं नव्हतं. संध्याकाळी तिनेच रावियाला सांगितलं, "फिटचाच प्रकार दिसतोय हा. डोक्याच्या डॉक्टरला सांग, औषध कमी पडतंय."

रावियाने सांगितलं. औषध वाढलं. रडणं थोडं कमी झालं, म्हणून महिन्याने आणखी वाढलं. लुजैन झोपाळू झाली. पूर्वी अतियात खोटं खोटं शिंकली की ती घशातून घों-घों असं हसायची. सगळ्या केंद्रात तेवढं एकच हसू तिचं, आणि ते अतियातच्या नावावर होतं. उन्हाळ्यापर्यंत तेही थांबलं. अतियात शिंकत राहायची आणि लुजैन छताकडे बघत राहायची.

आता, फरशीवरून उठताना, अतियातला एकेक करून सगळं उलगडत गेलं. फिट नव्हती ती. दाढ होती.

*

संध्याकाळी हसनैन घरी आला तेव्हा ती पांढऱ्या चीजचा तुकडा पावावर ठेवून तशीच बसली होती. त्याच्या अंगाला नेहमीचा पॉलिशचा वास येत होता.

"काय, बोळकं झालं का तुझं? चावत का नाहीस?" त्याने विचारलं.

तिने सांगितलं. पहिल्यांदाच कुणालातरी पूर्ण सांगितलं, नळाखाली ब्रश धरण्यापासून आजच्या मोज्यापर्यंत. तो जेवत ऐकत राहिला.

"मग सांगून टाक," शेवटी तो म्हणाला.

"नोकरी जाईल."

"जाईल."

"तुला बरं आहे म्हणायला."

हसनैनने पावाचा तुकडा खाली ठेवला. "मी पस्तीस वर्षं तडकलेल्या लाकडावर पॉलिश मारतोय, अतियात. मालक म्हणतो फट भर, मी भरतो. नवी नवरी तो पलंग घरी नेते, दोन उन्हाळे जातात, मग भेग वर येते. तेव्हा मी कुठे असतो? दुसऱ्या पलंगावर पॉलिश मारत. मी कुणाकडे जाऊन सांगितलं नाही. म्हणून मी तुला सांग म्हणतोय, शहाणा आहे म्हणून नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मॅडम फिक्रियाच्या खोलीत गेली. मॅडम चष्मा कपाळावर सरकवून कुठलीशी यादी शोधत होती.

"लुजैनचे दात," अतियात म्हणाली. "ते काम माझ्याकडे होतं, मॅडम. मी केलं नाही. दीड वर्ष केलं नाही."

मॅडमने दार ढकलून लावलं. "बस."

ती बसली.

"लुजैनच्या आईने काल डॉक्टरांसमोर काय सांगितलं? घरी घासते म्हणाली ना?"

"हो."

"आणि डॉक्टरने तेच लिहून घेतलं. मग तू आता काय नवीन काढतेस? दोन आठवड्यांनी, सोमवारी, मंत्रालयाची तपासणी आहे. तू हे बोललीस तर तुला ठेवता येणार नाही. तू गेलीस की उद्या या सात जणांना भरवणार कोण? मी? मला तर चमचा धरता येत नाही." मग आवाज खाली आणून म्हणाली, "हे बघ, आजपासून नीट घास. झालं गेलं नाईलला मिळालं."

अतियात बाहेर आली. तिला सुटल्यासारखं वाटलं होतं. सांगायचं ते सांगून झालं आणि नोकरीही राहिली. स्वयंपाकघरात जाऊन मसूर चाळताना ते सुटल्यासारखं वाटणं तिच्या ध्यानात आलं, आणि तिला आपल्या तोंडावर पाणी मारावंसं वाटलं.

*

नवव्या दिवशी मन्सूराच्या इस्पितळात नंबर लागला. लुजैनला पूर्ण भूल देऊन दात काढायचे होते. जागेपणी ते शक्य नव्हतं. "मी येते बरोबर," अतियात म्हणाली तेव्हा राविया नुसतं "या" म्हणाली. मायक्रोबसमध्ये लुजैनचं डोकं अतियातच्या दंडावर होतं. ती उपाशी होती आणि गुंगीत होती. वाटेत राविया फक्त एकदा बोलली. "खिडकी लावा, वारं लागतंय तिला."

लुजैनला आत नेलं. बाहेरच्या लांबलचक बाकावर दहा-बारा आया बसल्या होत्या. कुणाच्या मांडीवर मूल, कुणाच्या मांडीवर नुसतेच कपडे. एक गावाकडची म्हातारी सगळ्यांना थर्मासमधला चहा वाटत होती आणि नको म्हणणाऱ्याला शिव्या घालत होती. रावियाने पेला घेतला, प्यायली नाही.

"राविया," अतियात म्हणाली, "त्या दिवशी तू डॉक्टरला खोटं का सांगितलंस? घासायचं तर माझ्याकडे होतं."

रावियाने बाहीवरचा एक दोरा ओढून काढला.

"मी घासत नव्हते," अतियात म्हणाली. "बोट चावलं तेव्हापासून. नुसता ब्रश ओला करत होते."

"ठाऊक आहे मला."

अतियातला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"दात आवळणारं मूल, खाला. तिच्या तोंडात ब्रश गेला तर आठ दिवसांत त्याची केरसुणी होते. मी तीन महिन्यांनी बदलायची तेव्हा एक केस वाकलेला नसायचा. मी शिवणारी बाई आहे. वापरलेली गोष्ट आणि न वापरलेली गोष्ट मला कळते."

"मग बोलली का नाहीस?"

रावियाने पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. नऊ दिवसांपूर्वीची तीच नजर होती ती, आणि आता अतियातला ती वाचता आली. भीती होती ती. अतियातचीच भीती.

"बोलले असते आणि तुम्हाला राग आला असता तर?" राविया म्हणाली. "तुम्ही तिला शेवटी भरवलं असतं तर? गार झालेलं? अर्ध्यावर उठला असतात तर? मी दिवसभर तिथे नसते. तुमच्या हातात असते ती. आधीच्या केंद्रात मी एकदा बोलले होते, डायपर बदललं नाही म्हणून. त्यानंतर दोन महिन्यांत पोर दीड किलो उतरली. कुणी काही केलं नाही तिला. नुसतं लक्ष दिलं नाही."

"मी तसं केलं नसतं," अतियात म्हणाली.

"नसतंत बहुतेक. पण मी कशावर ठेवायचा भरवसा? म्हणून डबे आणत राहिले."

मशब्बकचे ते डबे. अतियात ते घरी नेऊन शेजारणींना दाखवायची. "माझ्या मुलांच्या आया," म्हणायची, "जीव टाकतात माझ्यावर." सगळ्यांत मोठा डबा ती मधोमध ठेवायची.

चहावाल्या म्हातारीने तिच्याकडे पाहून न विचारता एक पेला तिच्या हातात कोंबला.

"मला वाटलं, दात तर दुधाचे आहेत, पडतीलच," राविया पुढे म्हणाली, आता जरा भराभर, जणू स्वतःशीच. "आणि खरं सांगू? मलाही ते बरं होतं. मी घासायला बसले की ती रडायची. तुमच्याकडे सोपवलंय म्हटलं की मला घरी घासायला बसावं लागत नव्हतं. ब्रश सरळ दिसायचा, मी नवा आणायची आणि डोळे मिटून घ्यायची. ती जबड्यावर मूठ आपटायची तेव्हाही मी तोंड उघडून पाहिलं नाही. डॉक्टर बोलली ते काही खोटं नव्हतं. आईला कळू नये?"

"ते तुला बोलायला नको होतं तिने."

"कुणाला बोलायला हवं होतं?"

दोघींनी चहा तसाच धरून ठेवला.

दीड तासाने दार उघडलं आणि डॉक्टर मरवत बाहेर आली. टोपी काढताच तिचे केस कपाळाला चिकटलेले दिसले. तिने उभ्याउभ्याच सांगितलं की लुजैन ठीक आहे, शुद्धीवर येतेय, आठ दात काढले, पू धुऊन काढला, पुढचे चांगले होते ते ठेवलेत. थोडं रक्त लाळेतून येईल, घाबरायचं नाही. आणि मग रावियाकडे वळून ती म्हणाली, "पुढचे तरी सांभाळा आता. पुन्हा इथे आणायची पाळी आली तर दोष..."

"तिला नका बोलू," अतियात म्हणाली.

ती उठून उभी राहिली होती. आवाज तिला वाटला त्याहून मोठा आला असावा, कारण बाकावरच्या सगळ्या बायका वळल्या.

"ते काम माझं होतं, डॉक्टर. केंद्रात दुपारी घासायचं. मी तिच्या आईला वचन दिलं होतं की घरी हात लावू नकोस, मी करते. आणि मी केलं नाही. दीड वर्ष नुसता ब्रश भिजवत होते, घासला असं दिसावं म्हणून. ती दुखून रडत होती तेव्हा फिट आहे असंही मीच सांगितलं. त्यावरून औषध वाढलं. त्या दिवशी मी तिथेच बसले होते, तिचे पाय धरून, आणि बोलले नाही."

बाकावर कुणीतरी जिभेने च्यक्‌ केलं. एका बाईने मांडीवरचं मूल जरा आपल्याकडे ओढून घेतलं. तिला कळलंही नसेल, पण अतियातला ते दिसलं. म्हातारीने थर्मासचं झाकण लावलं.

डॉक्टरने हातातली टोपी खिशात कोंबली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, दयाही नव्हती. थकवा होता.

"कुणी केलं नाही ते ऐकून मला काय मिळणार, खाला?" ती म्हणाली. "आत आणखी चार मुलं आहेत. उद्यापासून कोण करणार तेवढं सांगा. त्याला मी शिकवते."

अतियातने श्वास घेतला.

"मी," राविया म्हणाली. "मी करणार."

अतियातचं तोंड उघडं होतं ते तिने मिटलं.

डॉक्टरने रावियाला आत नेलं. काचेच्या दारातून अतियातला ते दिसत होतं. गुंगीतली लुजैन उशीला टेकवून अर्धवट बसवलेली, डॉक्टर तिच्या मागे उभी, एक हात हनुवटीखाली, दुसऱ्या हाताचं बोट ओठ आणि हिरडीच्या मधून बाजूने आत सरकवलेलं, दातांच्या मध्ये नाही. तिथे गेलेलं बोट चावता येत नाही. एवढी साधी गोष्ट होती. कुणी दाखवली नव्हती आणि तिनेही कुणाला विचारली नव्हती. डॉक्टरने हात काढला, रावियाने घातला. पहिल्यांदा चुकला. दुसऱ्यांदा गेला.

*

तपासणीला सोमवारी माणसं आली, चहा प्यायली आणि गेली. अतियातला कुणी काही विचारलं नाही. बाकावरची बातमी मात्र मन्सूराहून दुमयातला पोचायला आठवडाही लागला नाही. दोन आयांनी येऊन सांगितलं की आता आम्ही ब्रश घरीच ठेवू. एकीने मूलच दुसरीकडे नेलं. मॅडम फिक्रिया तीन दिवस तिच्याशी बोलली नाही आणि चौथ्या दिवशी म्हणाली, "सांगितलं होतं ना तुला." पण काढलं नाही. भरवणारं दुसरं कुणी मिळालं नव्हतं.

लुजैन तीन आठवड्यांत पुन्हा जेवायला लागली. आधी सूप, मग बटाटा, मग मुलुखियाच्या पातळ पालेभाजीत कालवलेला भात. मूठ जबड्याकडे जायची थांबली. डोक्याच्या डॉक्टरने औषध हळूहळू उतरवायला घेतलं. तिचे डोळे दुपारी उघडे राहू लागले.

आणि रोज सव्वा वाजता राविया यायची. जेवणाच्या सुट्टीत, कारखान्यातून चालत, वीस मिनिटं जायला आणि वीस यायला. स्वतःचा पाव ती रस्त्यात खायची. आली की हात धुवायची, पर्समधून ब्रश काढायची आणि म्हणायची, "डोकं धरा, खाला."

अतियात भिंतीला टेकून फरशीवर बसायची आणि लुजैनचं डोकं छातीशी घ्यायची. राविया समोर गुडघ्यांवर बसायची. ओठ बाजूने उचलायची, बोट हिरडीला लावून आत न्यायची, मग ब्रश, छोटे छोटे गोल. लुजैन कुरकुरायची. दोघींची तोंडं इतकी जवळ यायची की अतियातला रावियाच्या श्वासातला कांदा कळायचा. दोन मिनिटांत आटोपायचं. राविया ब्रश धुवायची, कापडात गुंडाळून परत पर्समध्ये टाकायची आणि निघायची.

असे दोन महिने गेले. एका दुपारी ती आली तेव्हा घामाने भिजली होती आणि बोटात सुई गेली होती. चिंधी बांधलेली, तिच्यातून रक्त आलेलं. हात धुवायला ती चिंधी सोडू लागली.

"आज मी करू?" अतियातने विचारलं. "तू बस. तू समोर बसून बघ. मला आता येतं, मी बाकीच्यांचं तसंच करते."

राविया थांबली. तिने दुखऱ्या बोटाकडे पाहिलं, मग लुजैनकडे, मग अतियातच्या हातांकडे. बराच वेळ पाहिलं. नकार द्यायला लागतो त्यापेक्षा जास्त.

"अजून नको, खाला," ती म्हणाली. आवाज मऊ होता. "तुम्ही धरा."

तिने ब्रश दुसऱ्या हातात घेतला. अतियातने मान हलवली, मागे सरकून भिंतीला पाठ टेकवली आणि लुजैनची हनुवटी दोन बोटांवर अलगद तोलून धरली.